लकव्यानंतर दम लागू द्यायचा की नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बाबा ६३ वर्षांचे. पाच महिन्यांपूर्वी मेंदूच्या रक्तवाहिनीत गाठ अडकली आणि उजवी बाजू गेली. आता घरातल्या घरात काठी घेऊन चालतात. बोलणं तुटक आहे, पण समजतं सगळं. बीपीच्या दोन गोळ्या, साखरेची एक आणि रक्त पातळ ठेवायची एक अशी औषधं चालू आहेत. आंघोळ झाली की तासभर आडवे होतात. फिजिओथेरपिस्टनी आता सायकल आणि थोडा दम लागेल असं चालणं सुरू करायला सांगितलं आहे. काका मात्र म्हणतात की दम लागला की बीपी चढेल आणि दुसरा अटॅक येईल. ऐकायचं कोणाचं?

ऐकायचं फिजिओथेरपिस्टचं. पण काकांची भीती अगदीच निराधार नाही. ती कुठे खरी आहे आणि कुठे नाही, हे कळलं तर तुम्ही बाबांना न घाबरता सायकलवर बसवू शकाल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी बावीस वर्षं न्यूरो फिजिओथेरपी करते आहे आणि हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतंच.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे: "आंघोळ झाली की तासभर आडवे होतात." घरचे लोक हात किती उचलला, बोटं उघडली का, पाय अजून ओढतात का, हे रोज बघतात. दम किती टिकतो हे कोणी बघत नाही. लकव्यात मेंदूला इजा होते तशी पुढच्या काही महिन्यांत हृदय, फुप्फुसं आणि स्नायू मिळून जे इंजिन होतं तेही बसत जातं. माणूस "अशक्तपणा आलाय" म्हणतो, आपण त्याला टॉनिक आणि विश्रांती देतो आणि इंजिन आणखी बसतं.

आकड्यांत सांगते. शांत बसलेलं शरीर वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला सुमारे साडेतीन मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. कपडे बदलणं, आंघोळ करणं अशा कामांना त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतो. वयस्कर माणसाला स्वतःचं स्वतः सगळं करत राहायचं, बाजारात जाऊन यायचं, तर सगळा जोर लावल्यावर निदान १५ ते १८ मिलिलिटर वापरण्याची ताकद अंगात हवी. लकवा झालेल्या माणसांमध्ये ही वरची मर्यादा बहुतेक वेळा ८ ते २२ च्या दरम्यान सापडते. त्याच वयाच्या निरोगी माणसाच्या जवळपास निम्मी. वर, एक पाय ओढत चालायला त्याच वेगाने सरळ चालण्यापेक्षा बरीच जास्त शक्ती लागते, काही जणांना दुपटीपर्यंत. म्हणजे पगार अर्धा झाला आणि घरभाडं दुप्पट. आंघोळीतच महिन्याचा पगार संपतो आणि माणूस आडवा होतो. यात आळस नाही, हट्ट नाही. बाबांना कोणी तसं म्हणत असेल तर आधी ते थांबवा.

एवढी घसरण कशामुळे? काही भाग लकव्याच्या आधीचाच असतो. बीपी, साखर, बैठं काम, हे सगळं असणाऱ्यालाच बहुधा लकवा येतो. काही भाग दुबळ्या पायाच्या स्नायूंचा: ते बारीक होतात आणि चिवटपणे काम करणारे तंतू कमी होऊन लवकर थकणारे तंतू वाढतात. पण मोठा भाग पडून राहण्याचा. १९६६ साली अमेरिकेत डलासमध्ये वीस वर्षांच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं होतं. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीत आल्यावर त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीस वर्षांच्या वयवाढीने जेवढं नुकसान केलं होतं त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांनी जास्त केलं होतं, असं दिसलं. आता विचार करा, साठीतला माणूस, दवाखान्यात पंधरा दिवस आणि मग घरी चार महिने पलंग ते खुर्ची, खुर्ची ते पलंग.

"पण फिजिओथेरपी तर रोज चालू होती," असं तुम्ही म्हणाल. हे आमच्याच क्षेत्राने मान्य करायला हवं. कॅनडात हॅलिफॅक्स इथे २००२ च्या सुमारास रुग्णांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र लावून रोजच्या थेरपीचं मोजमाप केलं गेलं. फिजिओथेरपीच्या एका सत्रात हृदयाला व्यायाम होईल अशा टप्प्यात ठोके सरासरी तीन मिनिटंसुद्धा राहिले नव्हते. हात-पाय हलवणं, तोल सांभाळणं, उभं राहणं हे सगळं लागतंच. पण त्याने दम वाढत नाही. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागतो. मीसुद्धा सुरुवातीची काही वर्षं तो काढत नव्हते. रुग्ण चालायला लागला की मला माझं काम झालं असं वाटायचं. सहा महिन्यांनी तोच माणूस परत यायचा. चालता यायचं, पण घराबाहेर पडलेला नसायचा.

आता काकांच्या भीतीबद्दल. ती खरी आहे ती पहिल्या काही दिवसांत. २०१५ साली ॲव्हर्ट नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पाच देश, २१०४ रुग्ण. लकवा झाल्यापासून २४ तासांच्या आत लवकर, वारंवार आणि जास्त वेळ उठवून चालवलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेल्यांचं प्रमाण नेहमीची काळजी मिळालेल्या गटापेक्षा कमी निघालं, ४६ टक्के विरुद्ध ५० टक्के. आम्हा सगळ्यांना तो धक्का होता, कारण लवकर तितकं बरं असं आम्ही शिकलो होतो. मग २०१९ मध्ये जर्मनीतला अभ्यास आला: दोनशे रुग्ण, लकव्यानंतर काही दिवस ते दीड महिना एवढ्यातच चार आठवडे ट्रेडमिलवर व्यायाम. चालण्याचा वेग किंवा रोजची कामं यांत, नुसतं शरीर सैल सोडण्याचा व्यायाम केलेल्या गटापेक्षा फायदा दिसला नाही आणि गंभीर त्रास मात्र जास्त जणांना झाले. म्हणून मी कोणालाही पहिल्या महिन्यात घरच्या घरी दम लागणारा व्यायाम सांगत नाही. तेव्हा बसणं, उभं राहणं, थोडं थोडं चालणं, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली.

तुमच्या बाबांना पाच महिने झाले आहेत. इथे चित्र निराळं आहे. लकव्यानंतरच्या अशा व्यायामावरच्या ७५ चाचण्या, तीन हजारांहून थोडे जास्त रुग्ण, यांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने घेतला. दम वाढवणाऱ्या व्यायामाने ऑक्सिजन वापरण्याची क्षमता वाढते, चालण्याचा वेग वाढतो आणि सहा मिनिटांत चालून होणारं अंतर सरासरी तीसेक मीटरनी वाढतं, असं त्यात आहे. तीस मीटर ऐकायला कमी वाटतं. पण सहा मिनिटांत दीडशे मीटर चालणाऱ्या माणसाला त्यामुळे सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन न थांबता परत येता येतं. बीपीचंही तेच. व्यायाम चालू असताना वरचा आकडा वाढतो, वाढायलाच हवा. पण नियमित दोन-तीन महिने केल्यावर एरवी दिवसभराचं बीपी काही अंकांनी खाली येतं. दुसरा अटॅक टाळण्यासाठी हेच पाहिजे असतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण यावर लोकांची फार निराशा होते. सायकल चालवून हात उघडणार नाही. बोलणं सुधारणार नाही. हाताला हाताचा सराव लागतो, बोलण्याला स्पीच थेरपी लागते. दम वाढला की तो सराव जास्त वेळ करता येतो, एवढाच सायकलचा त्यात हातभार. मेंदूत नवे जोड तयार व्हायला या व्यायामाची मदत होते असं सुचवणारे काही अभ्यास आहेत, पण त्या आशेवर मी कोणाला सायकल विकत घ्यायला सांगणार नाही. आंघोळ करून न थकणं, हे कारण पुरेसं आहे.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा आणि नेमकं विचारा: "मध्यम दम लागेल असा व्यायाम चालेल का, आणि ठोके कितीपर्यंत जाऊ द्यायचे?" लकवा आणि हृदयविकार एकाच घरात राहतात. म्हणून ईसीजी आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) झालेला असावा, आणि जमत असेल तर डॉक्टरांच्या समोर स्ट्रेस टेस्ट. प्रत्येक गावात ती होत नाही, आणि अर्ध्या अंगाने ट्रेडमिलवर धावणं सगळ्यांना जमतही नाही. मग आम्ही सहा मिनिटांची चालण्याची चाचणी घेतो. तीस मीटरचा सरळ सपाट रस्ता, दोन टोकांना दोन खुर्च्या, हातात घड्याळ. किती अंतर झालं, ठोके कितीवर गेले, किती वेळा थांबावं लागलं, ते लिहायचं. छातीत दुखणं, ठोके अनियमित असणं, एका पोटरीला अचानक सूज, यातलं काही असेल तर आधी त्याचा इलाज.

घरी बीपीचं यंत्र घ्या आणि मोजायचं ते चांगल्या हातावर, म्हणजे बाबांच्या डाव्या. पाच मिनिटं शांत बसवून. २००/११० च्या वर बीपी असेल तर व्यायामाची चाचणीसुद्धा घेऊ नये अशी सर्वमान्य मर्यादा आहे. मी घरच्यांना त्याहून कडक आकडा देते: १८०/१०० च्या वर असेल तर त्या दिवशी सायकल नाही, डॉक्टरांना फोन. व्यायाम करताना वरचा आकडा १३० चा १६० झाला तर घाबरू नका. २०० च्या पुढे जायला लागला तर थांबवा. आणि हे कमी लोकांना माहीत असतं: जोर वाढवल्यावर बीपी वाढायच्या ऐवजी खाली यायला लागलं, तर ते जास्त वाईट लक्षण आहे. लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

साखर १०० च्या खाली असेल तर आधी अर्धी पोळी किंवा एखादं केळं खाऊन पंधरा-वीस मिनिटांनी सुरू करा. खिशात साखरेची पुडी कायम. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, बाबा उपास करत असतील तर त्या दिवशी सायकलला सुट्टी. साखरेची गोळी घेऊन उपाशीपोटी पेडल मारताना चक्कर येऊन पडलेले लोक मी पाहिले आहेत, आणि लकवा झालेल्या माणसाचं पडणं म्हणजे बहुतेक वेळा खुब्याचं हाड.

आता किती जोर लावायचा. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये लकव्याच्या रुग्णांसाठी सांगितलेलं प्रमाण आम्ही वापरतो: आठवड्यातून तीन ते पाच दिवस, २० ते ६० मिनिटं, हवं तर दहा दहा मिनिटांचे तुकडे करून, आणि हृदयाच्या शिल्लक ताकदीच्या ४० ते ७० टक्के जोर. ही 'शिल्लक' काढायची रीत फिनलंडच्या कारव्होनेन यांची आहे. बाबांच्या वयावर करून दाखवते. २०८ मधून वयाच्या ०.७ पट, म्हणजे ४४, वजा करा. १६४ आले, हे अंदाजे कमाल ठोके. समजा सकाळी उठल्यावर ठोके ७६ आहेत. शिल्लक ८८. त्याच्या ४० टक्के ३५, ते ७६ मध्ये मिळवले की १११. ७० टक्के म्हणजे ६२, मिळवले की १३८. म्हणजे १११ ते १३८ हा पट्टा, आणि पहिले काही आठवडे त्याच्या खालच्या काठावर किंवा त्याच्याही थोडं खाली.

हे गणित करण्याआधी गोळ्यांच्या पाकिटावरची नावं वाचा. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, असं नावाच्या शेवटी 'लॉल' असेल तर ती गोळी ठोके वर जाऊच देत नाही. मग वरचा हिशोब चुकीचा ठरतो, आणि १११ गाठायच्या नादात माणूस दमून पडतो. अशा वेळी २०८ ऐवजी १६४ पासून सुरुवात करतात (हा ठरलेला आकडा आहे, वरच्या १६४ शी जुळला तो योगायोग): १६४ वजा ४४ म्हणजे १२०. सकाळचे ठोके ६४ असतील तर शिल्लक ५६, आणि पट्टा येतो ८६ ते १०३. केवढा फरक पडला बघा. ठोके मोजायला कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेलच. तो डाव्या हाताच्या बोटाला लावा, पेडल थांबवल्या थांबवल्या आकडा वाचा. ठोके अनियमित असण्याचा आजार असेल तर मात्र या आकड्यावर विसंबू नका.

म्हणून आकड्यासोबत माणसाकडे बघायचं. बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी ६ ते २० अशी श्रमाची पट्टी केली. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे अंगातला सगळा जोर लागला. आपल्याला हवं ११ ते १४: "थोडं जड जातंय, पण चालेल." एरवी मी रुग्णाला चालू व्यायामात एक पूर्ण वाक्य बोलायला लावते. वाक्य मध्ये एक श्वास घेऊन पुरं झालं पाहिजे. अगदी सहज गप्पा मारता येत असतील तर जोर कमी आहे, दोन शब्दांवर अडत असेल तर जास्त. पण बाबांचं बोलणं मुळातच तुटक आहे, त्यांना ही परीक्षा लावू नका. त्यांच्यासाठी पुठ्ठ्यावर तीन रंगांचे मोठे चौकोन करा: हिरवा म्हणजे मजेत, पिवळा म्हणजे दम लागतोय पण चालेल, लाल म्हणजे पुरे. डाव्या हाताने बोट दाखवू दे. आपल्याला पिवळा हवा. आणि नाकपुड्या, मान, खांदे बघत राहा. खांदे कानाकडे चढायला लागले की रुग्णाने पिवळा दाखवला तरी मी जोर कमी करते. काही माणसं थेरपिस्टला बरं वाटावं म्हणून पिवळा दाखवतात.

सायकल कुठली घ्यावी हे तुम्ही विचारलं आहे. पाठ टेकायला आहे अशी, पेडल समोर असलेली मिळाली तर सगळ्यात चांगली. तोल जाण्याची भीती नाही. साधी उभी एक्सरसाइज सायकल उंच असते. बाबांना चढता-उतरताना दोन माणसं लागतील, निदान आत्ता तरी. बाजारात खुर्चीसमोर ठेवायचे छोटे पेडल मिळतात, स्वस्त आहेत, सुरुवातीला चालतील. पण तीन गोष्टी बघा. खुर्ची भिंतीला टेकलेली, हाताची, चाकांशिवायची. पेडल गुळगुळीत फरशीवर पुढे पळतात, म्हणून खाली रबरी पायपुसणं. आणि उजवा पाय पेडलवरून घसरतो, टाच आतल्या बाजूला वळते. बुटासकट क्रेप बँडेजचे दोन वेढे, एक पंज्यावर आणि एक टाचेमागून, असे घ्या. चप्पल नाही, अनवाणी तर नाहीच. एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल सरळ धरणारा आधार, दिला असेल तर तो घालूनच. उजवा हात लोंबकळत ठेवू नका, मांडीवर उशी देऊन तिच्यावर ठेवा, नाहीतर खांदा उतरतो आणि तो दुखायला लागला की सगळंच थांबतं.

छोट्या पेडलची एक फसवणूक सांगते. सगळं काम चांगला पाय करतो आणि दुबळा पाय नुसता फिरून येतो. तुम्ही बाबांच्या उजव्या मांडीवर तळहात ठेवा. पेडल खाली ढकलताना मांडी कडक लागली पाहिजे. मऊच राहिली तर "आता उजव्याने दाबा" असं दर फेरीला सांगा, आणि वेग कमी करा.

मागे माझ्याकडे एक निवृत्त कारकून येत होते, बाबांच्याच वयाचे, त्यांचीही उजवी बाजू. पहिल्या दिवशी सायकलवर दोन मिनिटं झाली आणि त्यांनी डावा हात वर केला. ठोके ११८, कपाळावर घाम, नजर माझ्यावर नाही, पत्नीवर. त्यांना दम लागला होता त्यापेक्षा भीती जास्त वाटली होती, कारण अटॅकच्या दिवशीही असंच घामेघूम व्हायला झालं होतं. आम्ही थांबलो. बीपी मोजलं, १५८/८६. तो आकडा मी त्यांना दाखवला. तीन मिनिटांनी पुन्हा मोजलं, १३८. तोही दाखवला. चढलेलं बीपी आपोआप खाली आलेलं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि मग स्वतःहून पेडलवर पाय ठेवला. त्या दिवशी दोन दोन मिनिटांच्या पाच फेऱ्या झाल्या, मध्ये दोन मिनिटांचा आराम. दुसऱ्या आठवड्यात तीन मिनिटांच्या फेऱ्या, चौथ्यात पाचच्या. आठव्या आठवड्यात ते सलग वीस मिनिटं चालवत होते आणि पहिल्या दिवशी ज्या जोरावर ठोके ११८ होते त्याच जोरावर १०२ भरत होते. पण त्यांच्या पत्नीने मला आकडा सांगितला नाही. त्या म्हणाल्या, "आता आंघोळ करून येतात आणि खुर्चीत बसून चहा मागतात."

बाबांसाठीही तसंच करा. पाच मिनिटं अगदी हलकं, मग फेऱ्या, शेवटी पाच मिनिटं पुन्हा हलकं. एकदम थांबू नका, बीपीच्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला एकदम थांबल्यावर चक्कर येते. आधी वेळ वाढवा, जोर नंतर. सायकल नसेल त्या दिवशी स्वयंपाकाच्या ओट्याला धरून जागेवर पावलं उचलणं, किंवा खुर्चीतून उठणं-बसणं लागोपाठ दोन मिनिटं, हेही दम वाढवणारेच व्यायाम आहेत. घरात चालणं सुधारलं की बाहेरच्या पॅसेजमध्ये या: एक मिनिट जरा जोरात, एक मिनिट सावकाश. त्यावेळी बरोबरचा माणूस दुबळ्या बाजूला आणि किंचित मागे, हात कमरेच्या पट्ट्यावर. दंड धरून ओढू नका.

जोराच्या छोट्या फेऱ्यांबद्दल हल्ली बरंच वाचायला मिळतं, म्हणून त्याबद्दल दोन वाक्यं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात जुना लकवा असलेल्या ५५ जणांनी बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा व्यायाम केला. जमेल तितक्या वेगात अर्धा मिनिट चालून थांबणाऱ्यांचं सहा मिनिटांतलं अंतर सरासरी ७१ मीटरनी वाढलं, सलग मध्यम चालणाऱ्यांचं २७ नी. निकाल उत्तम आहे. पण त्या सगळ्यांची आधी हृदयाची तपासणी झाली होती आणि व्यायाम थेरपिस्टच्या देखरेखीखाली होता. बाबांचा दोन-तीन महिन्यांचा पाया तयार झाला, स्ट्रेस टेस्ट ठीक आली, तर तुमच्या थेरपिस्टना विचारून केंद्रावर जरूर करा. घरी नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावरही कालचा थकवा अंगात असेल तर आदल्या दिवशीचं प्रमाण जास्त झालं, एक तृतीयांश कमी करा. मात्र व्यायाम न करताही दिवसभर मरगळ असेल, भूक नाही, टीव्हीही नको, कोणी आलं तर तोंड भिंतीकडे, तर तो दम कमी असल्याचा प्रकार नाही. लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. ते डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे. आणि उन्हाळ्यात, विशेषतः तुम्ही मराठवाड्यातल्या आहात म्हणून, एप्रिल-मे मध्ये सकाळी सातच्या आत उरकून घ्या. बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी, धडधड, अचानक जोराची डोकेदुखी, तोंड आणखी वाकडं होणं, डाव्या बाजूला नव्याने अशक्तपणा, आहे त्याहून बोलणं बिघडणं: यातलं काहीही दिसलं तर पेडल थांबवा, घड्याळात वेळ बघून लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न "कधी सुरू झालं?" हाच असतो. पण आधीच तोंड थोडं वाकडं असलेल्या माणसात नवं वाकडेपण ओळखायचं कसं? त्यासाठी आजच मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा: बाबा हसताना, दोन्ही हात पुढे धरताना, स्वतःचं नाव सांगताना, चार पावलं चालताना. शंका आली की त्याच्याशी ताडून बघता येईल, आणि इमर्जन्सीमधल्या डॉक्टरांनाही तो दाखवता येईल.

या आठवड्यात एवढंच करा. एक वही घ्या, तीन दिवस सकाळी उठल्यावरचे ठोके आणि बीपी लिहा, गोळ्यांची नावं पहिल्या पानावर उतरवा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांनी हो म्हटलं की पहिली दोन मिनिटं थेरपिस्टच्या समोरच करा. त्या दिवशी काकांना आग्रहाने सोबत न्या. ऑक्सिमीटर त्यांच्याच हातात द्या, पेडल थांबल्यावर आकडा वाचून वहीत लिहायचं काम त्यांना सांगा, आणि तीन मिनिटांनी पुन्हा वाचायला लावा.